महामार्गाचे दिवे आणि रस्त्याकडेचा वारा

चौपदरी महामार्गाच्या दुभाजकात लावलेली कण्हेर दिवसभर डोलत असते. मे महिन्यात वारा पूर्ण पडलेला असतो, तरी ती डोलते. ट्रक, ट्रेलर आणि एसटीच्या गाड्या जाताना जो झोत मागे सोडतात त्यानेच ती हलते. ते पाहून कुणाच्याही मनात सहज येते, की इथेच छोटी पवनचक्की उभी केली तर वरचा दिवा तिच्यावर का चालू नये? इंधन जाळून गाडीने ढकललेली हवा तशीही वायाच जाते आहे. गेली वीसएक वर्षे या कल्पनेने जगभरच्या वास्तुविशारदांना, नवउद्योजकांना आणि नगरपालिकांना भुरळ घातली आहे. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांच्या यादीत तर हा विषय दरवर्षी हमखास सापडतो.

त्या प्रकल्पाचे रूपही ठरलेले असते. पीव्हीसीचा पाइप उभा चिरून केलेली तीन-चार पाती, मधोमध सायकलचा हब, खाली डायनॅमो किंवा जुन्या प्रिंटरमधून काढलेली मोटर, आणि सगळ्याला धरून ठेवणारी अँगलची चौकट. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर पेडस्टल पंखा सुरू होतो, पाती फिरतात, एलईडीची पट्टी लागते. शिकण्याची वस्तू म्हणून हा प्रकल्प फार चांगला आहे. मात्र पंखा पन्नास-साठ वॉट वीज खातो आणि पट्टी दोन-तीन वॉटवर लागते, हे प्रमाण अहवालात ठळकपणे यायला हवे. महामार्गावरच्या पवनचक्कीचा सगळा प्रश्न त्या प्रमाणातच दडलेला आहे.

कल्पनेत दम नाही असे मात्र कुणी म्हणू नये. २००६ साली अमेरिकेतल्या ‘मेट्रोपोलिस’ मासिकाच्या रचना स्पर्धेत मार्क ओबरहोल्झर या वास्तुविशारदाने दुभाजकाच्या काँक्रीट भिंतीतच उभ्या अक्षाच्या पवनचक्क्या बसवण्याचा आराखडा मांडला होता. त्यातली खुबी खरोखर सुंदर आहे. दुभाजकाच्या एका बाजूने वाहने जातात, दुसऱ्या बाजूने येतात. उभ्या अक्षाभोवती फिरणाऱ्या चक्कीला हे दोन्ही झोत एकाच दिशेने फिरवतात. आडव्या अक्षाच्या, म्हणजे साताऱ्याच्या पठारावर दिसते तशा पवनचक्कीला वाऱ्याकडे तोंड वळवावे लागते. उभ्या अक्षाच्या चक्कीला त्याची गरज नसते, वारा कुठूनही आला तरी चालतो. फिनलंडच्या सिगुर्ड सावोनियस यांनी १९२०च्या दशकात पिंप उभे कापून समोरासमोर सरकवावे तशी साधी चक्की बनवली आणि त्याच दशकात फ्रान्सच्या जॉर्ज दारियस यांनी बारीक, वाकवलेल्या पात्यांची चक्की. रस्त्याकडेच्या बहुतेक सगळ्या यंत्रांचे मूळ या दोघांपैकी एकाकडे जाते. सावोनियसची चक्की मंद वाऱ्यातही फिरायला लागते, पण वाऱ्यातली फार थोडी ऊर्जा पकडते. दारियसची जास्त पकडते, पण तिला सुरुवातीला धक्का द्यावा लागतो. ही अडचण आजही पुरती सुटलेली नाही.

या कल्पनेला सर्वांत जास्त प्रसिद्धी मिळाली ती इस्तंबूलमध्ये. तिथल्या ‘मेट्रोबस’साठी महामार्गाच्या मधोमध स्वतंत्र मार्गिका आहेत आणि गर्दीच्या वेळी काही सेकंदांच्या अंतराने बस धावते. केरेम देवेजी या तरुण उद्योजकाने या मार्गिकेलगत ‘एनलिल’ नावाची उभी चक्की लावली. वरच्या टोकाला छोटे सौर पॅनलही बसवले. गाड्यांच्या वाऱ्यावर वीज तयार करायची तर याहून अनुकूल जागा शोधून सापडणार नाही : गाड्या मोठ्या, वारंवार येणाऱ्या, दोन्ही दिशांनी जाणाऱ्या आणि चक्कीच्या अगदी जवळून जाणाऱ्या. त्यातून इस्तंबूल हे मुळात वाऱ्याचे शहर. एनलिलची चित्रफीत जगभर फिरली, तिच्यासोबत ‘तासाला एक किलोवॉट’ हा आकडाही फिरला. या आकड्यात एक घोळ आहे. किलोवॉट हा वीज कोणत्या वेगाने तयार होते याचा आकडा आहे, ‘तासाला’ तो जोडता येत नाही. एक किलोवॉट तासभर मिळाला तर एक युनिट होते. यंत्रावर लिहिलेली क्षमता आणि वर्षभरात मीटरवर पडलेली युनिटे या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की स्वस्त आणि मुबलक विजेचा आभास तयार होतो. या विषयावरच्या बहुतेक बातम्यांत तो झाला आहे.

ब्रिटनमध्ये ‘अल्फा ३११’ या कंपनीने दिव्याच्या खांबावरच बसेल अशी सुमारे दोन मीटर उंचीची चक्की तयार केली. २०२१ मध्ये लंडनच्या ‘ओटू’ प्रेक्षागृहाने तिच्या छोट्या आवृत्तीची दहा यंत्रे लावण्याचे जाहीर केले. वाहत्या मोटरवेवर एक चक्की वीस चौरस मीटर सौर पॅनलइतकी वीज देऊ शकते, असा कंपनीचा दावा होता. हा दावा कागदावर तपासून पाहता येतो. वीस चौरस मीटर पॅनल म्हणजे साधारण चार किलोवॉट. ब्रिटनच्या मंद उन्हातही ते वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक युनिटे देतात. चक्कीचा घेर, म्हणजे पाती वारा पकडतात ते क्षेत्रफळ, दीड चौरस मीटर धरला आणि ती वाऱ्यातली पाव हिस्सा ऊर्जा पकडते असे मानले, तर एवढी युनिटे मिळवायला ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा वर्षभर तिन्हीत्रिकाळ वाहायला हवा. एवढा वारा मोटरवेच्या कडेला सलग राहत नाही. तो समुद्रात उभारलेल्या मोठ्या पवनचक्क्यांच्या माथ्यावरही सलग मिळत नाही.

असा हिशेब कुणालाही करता यावा, म्हणून त्यामागचे तत्त्व थोडे थांबून पाहायला हवे. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की ऊर्जा निम्मी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. वेग एक तृतीयांश झाला तर सत्ताविसाव्या हिश्श्यावर. छोट्या पवनचक्क्यांच्या माहितीपत्रकावर जो ‘३०० वॉट’ किंवा ‘५०० वॉट’ छापलेला असतो, तो सहसा सेकंदाला अकरा-बारा मीटर वाऱ्यासाठी असतो, म्हणजे ताशी चाळीस-त्रेचाळीस किलोमीटर. सेकंदाला चार मीटर वाऱ्यात तीच ३०० वॉटची चक्की अकरा वॉटच्या आसपास देते. तीन मीटरच्या खाली बहुतेक यंत्रे काहीच देत नाहीत. दुसरी मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शतकापूर्वी दाखवून दिली : कोणतीही चक्की वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून अधिक ऊर्जा काढून घेऊ शकत नाही, कारण मागे हवा पुढे सरकत राहिली तरच नवा वारा पात्यांपर्यंत येतो. मोठी, उत्तम यंत्रे ४५ टक्क्यांपर्यंत जातात. छोटी उभी चक्की जनित्र, चार्जर वगैरेतली घट धरून १५ ते २५ टक्क्यांत अडकते.

आता दिव्याची भूक. महामार्गावर एलईडी आल्यापासून एक दिवा साधारण शंभर वॉटचा धरता येतो, पूर्वीचे सोडियमचे पिवळे दिवे अडीचशे वॉटचे असत. रात्री अकरा तास जळाला तर एक दिवा १.१ युनिट खातो. खांब तीस मीटरवर असतील आणि दुभाजकातल्या प्रत्येक खांबाला दोन्ही बाजूंना एकेक दिवा असेल, तर एका किलोमीटरमध्ये सहासष्ट दिवे आणि रात्रीला सत्तरच्या वर युनिटे.

ट्रक काय देतो ते पाहू. ताशी ऐंशीच्या वेगाने जाणारा मोठा ट्रक दीडेक मीटर अंतरावर सेकंदाला पाच मीटरचा झोत दोन सेकंद टिकवतो, असे सढळ हाताने मानू. एक चौरस मीटर घेराची आणि वीस टक्के कार्यक्षमतेची चक्की त्या दोन सेकंदांत सुमारे तीस ज्यूल ऊर्जा पकडेल. टपरीवरच्या एका कटिंग चहाचे शंभर मिलिलिटर पाणी उकळीला आणायचे, तर असे हजारावर ट्रक जावे लागतील. एक दिवा एक रात्र चालवायला १ लाख ३० हजारांहून अधिक ट्रक लागतील, तेही सगळे कडेच्या लेनमधून, चक्कीला खेटून. महाराष्ट्रातला कोणताही महामार्ग एवढे ट्रक एका दिवसात वाहून नेत नाही. आणि हा हिशेबही चक्कीला झुकते माप देणारा आहे, कारण थांबलेली चक्की दोन सेकंदांच्या झोताने जेमतेम हलू लागते तोवर झोत संपून गेलेला असतो. गाडीच्या मागची हवा गरगरत, भोवरे खात जाते. पात्यांना हवा असतो सरळ, सलग वारा.

जागेचा पेच याहून मोठा आहे, आणि माझ्या मते सगळी कल्पना खरी अडते ती इथेच. दिवा नऊ ते बारा मीटर उंचीवर असतो. ट्रकचा झोत जमिनीपासून चार मीटरच्या आत विरतो. खांबाच्या टोकावर चक्की लावली तर वाहनांचा वारा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, तिला मोकळ्या वाऱ्यावरच जगावे लागते. ती खाली, वाहनांच्या उंचीवर आणली तर झोत मिळतो, पण मग ती नेमकी अशा पट्ट्यात येते जिथे रस्ते अभियंते कोणतीही टणक वस्तू ठेवू देत नाहीत, कारण घसरलेली गाडी तिथेच जाऊन आदळते. फिरती पाती, बॅटरीची पेटी आणि लोखंडी स्तंभ दुभाजकाजवळ उभे करायचे म्हणजे त्यांच्याभोवती क्रॅश बॅरियर बांधणे आले. बॅरियर आला की चक्की रस्त्यापासून लांब गेली आणि झोत आणखी क्षीण झाला. बोगद्यात वारा कोंडलेला असतो म्हणून तिथे चक्की लावावी, असेही सुचवले जाते. तिथे तर चक्कीने अडवलेल्या हवेचा भार उलट गाड्यांवर पडतो, आणि ती वीज शेवटी डिझेलच्याच पैशातून येते.

मग वाहनांचा नाद सोडून मोकळ्या वाऱ्यावर खांबावरची चक्की चालेल का? या प्रश्नाचे उत्तर मोजून ठेवलेले आहे. नेदरलँड्सच्या झीलँड प्रांतात स्खोंडाइके या गावी एप्रिल २००८ ते मार्च २००९ असे वर्षभर वेगवेगळ्या कंपन्यांच्या छोट्या पवनचक्क्या एकाच मैदानात उभ्या करून त्यांची वीज मोजली गेली. तिथला सरासरी वारा सेकंदाला ३.८ मीटर होता, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच सपाट प्रदेशात खांबाच्या उंचीवर मिळतो त्याहून थोडा जास्तच. ‘टर्बी’ नावाची उभ्या अक्षाची, सुमारे पाच चौरस मीटर घेराची देखणी चक्की वर्षभरात २४७ युनिटे देऊ शकली. तिची किंमत २१,३५० युरो होती. दिवसाला तिने सरासरी पाऊण युनिटही दिले नाही. म्हणजे महामार्गाचा एकच दिवा तिच्यावर रात्रभर चालला नसता. वीस वर्षे ती न बिघडता फिरली असती तरी एका युनिटला चार युरोंहून जास्त खर्च आला असता. त्याच मैदानात पाच मीटर व्यासाची, आडव्या अक्षाची ‘मोंटाना’ २,६९१ युनिटांवर गेली. या फरकात घेराचा वाटा मोठा. वारा पकडायला क्षेत्रफळ लागते, हे टाळायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही, आणि पाच मीटरचे चक्र दिव्याच्या खांबावर बसत नाही.

ब्रिटनमधल्या वॉरविक चाचण्या याहून बोलक्या आहेत. २००७-०८ मध्ये घरांवर आणि इमारतींवर बसवलेल्या २६ छोट्या चक्क्या वर्षभर मोजल्या. बंद पडलेला काळ धरून एका चक्कीची दिवसाची सरासरी निघाली २१४ वॉट-तास, म्हणजे पाव युनिटाहूनही कमी. चक्कीच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेलाच दिवसाला ८० वॉट-तास लागत होते, आणि काही वाईट जागांवरच्या चक्क्यांनी तयार केली त्यापेक्षा जास्त वीज खाल्ली. इमारतींच्या कडांवरून येणारा खळबळलेला वारा हे त्याचे मुख्य कारण. महामार्गाच्या कडेला इमारतींच्या जागी झाडे, फलक, उड्डाणपूल आणि ध्वनिरोधक भिंती असतात. वाऱ्याला अडवणारे तिथे कमी नसते.

खांबाचाही विचार करावा लागतो. भारतीय मानकानुसार वाऱ्याच्या भाराचा हिशेब करताना पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबई-नागपूरसाठी ४४ मीटर वेग धरतात. खांब, त्याचा पाया, पायातले बोल्ट हे सारे त्या वेगात एका हलक्या दिव्याला धरून ठेवण्यासाठी बेतलेले असतात. त्याच्या टोकावर एक-दोन चौरस मीटरची, सतत थरथरणारी वस्तू चढवली तर जुना खांब चालत नाही, नवा आणि जाड खांब लागतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात विजेचे खांब किती मोठ्या संख्येने आडवे झाले आणि कित्येक गावे किती दिवस अंधारात राहिली, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. फिरणाऱ्या यंत्राला वंगण लागते, बेअरिंग झिजते, किनाऱ्यालगत खारी हवा लोखंड खाते, दख्खनच्या पठारावर धूळ आत शिरते. दहा मीटर उंचीवरच्या प्रत्येक दुरुस्तीला शिडीची गाडी आणि एक लेन बंद ठेवणे आले. ग्रामपंचायतींनी लावलेल्या सौरदिव्यांच्या बॅटऱ्या चोरीला जाण्याचा अनुभव गावोगावी आहे. ओसाड महामार्गावरची बॅटरी त्याहून सुरक्षित राहील असे मानायला काही आधार नाही.

पैशाचा हिशेब त्यामुळे अगदी थोडक्यात होतो. युनिटला आठ रुपये दर धरला, तर शंभर वॉटच्या एका दिव्याचे वर्षाचे बिल ३,२०० रुपयांच्या आसपास येते. चक्कीने दिव्याची सगळीच्या सगळी वीज पुरवली तरी बचतीची ही कमाल मर्यादा आहे. चक्की, जाड खांब, चार्जर, बॅटरी आणि दर काही वर्षांनी नवी बॅटरी, हे सगळे एवढ्या रकमेत बसवणे कुठल्याही कंत्राटदाराला जमणारे नाही.

यावर एक आक्षेप वाजवी आहे. महाराष्ट्रात भरपूर वारा असलेल्या जागा आहेतच की. कोयनेच्या शिवसागर जलाशयावरचे वनकुसवडेचे पठार, साताऱ्याजवळचे चाळकेवाडी, धुळे जिल्ह्यातले ब्राह्मणवेल, सांगलीतले ढालगाव, देवगडजवळचे जामसंडे, इथे पवनचक्क्या वर्षानुवर्षे फिरत आहेत. कन्याकुमारीच्या वाटेवर मुप्पंडलच्या खिंडीतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग तर पवनचक्क्यांच्या जंगलातूनच जातो. पण अशा जागांवरच रस्त्याकडेच्या चक्कीची गरज सर्वांत कमी उरते. शंभर मीटर उंचीवर सेकंदाला साडेसहा मीटर वारा असेल, तर झाडे-घरे असलेल्या प्रदेशात खांबाच्या उंचीवर तो साडेतीनवर येतो आणि त्यातली ऊर्जा सहाव्या-सातव्या हिश्श्यावर. पठारावर मोठी चक्की आधीच उभी आहे आणि तिची वीज तारेवाटे टोलनाक्यापर्यंत येते आहे, तर तिथेच खांबाखांबावर खेळण्याएवढ्या चक्क्या लावून काय मिळवायचे? छोट्या पवनचक्क्या आणि पवन-सौर संकरित संचांसाठी केंद्र सरकारने अनेक वर्षे अनुदान दिले, आपल्याकडे राज्य सरकारच्या ‘महाऊर्जा’ संस्थेने ही योजना शाळा, आश्रम, शेती संस्थांपर्यंत नेली. तरी देशभरातल्या अशा छोट्या संचांची एकूण क्षमता काही मेगावॉटच्या पुढे सरकली नाही. याच काळात मोठ्या पवनचक्क्यांची क्षमता वाढत गेली आणि २०२५ मध्ये ती ५० गिगावॉटच्या पुढे पोहोचली. वारा तोच, देशही तोच. फरक उंचीचा आणि घेराचा आहे.

रस्त्यावरच वीज पिकवण्याच्या हौसेचा आणखी एक धडा फ्रान्सने दिला आहे. नॉर्मंडीतल्या तुरूव्र-ओ-पेर्श या गावी डिसेंबर २०१६ मध्ये एक किलोमीटर रस्त्यावर सौर पॅनल अंथरले. खर्च पन्नास लाख युरो. गावाच्या पथदिव्यांना पुरेल एवढी वीज त्यातून यावी अशी अपेक्षा होती. पॅनल सपाट पडलेले, त्यावर पानगळ, ट्रॅक्टरची चाके, धूळ. तीन वर्षांत पॅनल फुटले, वीज अपेक्षेपेक्षा खूपच कमी आली आणि हा प्रयोग तिथेच थांबला. तेच पॅनल रस्त्याकडेला, सूर्याकडे कलते उभे केले असते तर कितीतरी जास्त वीज मिळाली असती.

आपल्याकडे नेमके तेच करून दाखवलेले आहे. दिल्लीला वळसा घालणारा १३५ किलोमीटरचा ईस्टर्न पेरिफेरल एक्सप्रेसवे मे २०१८ मध्ये खुला झाला. त्याच्या दिव्यांसाठी कडेच्या जागेत आठ सौर प्रकल्प उभारले आहेत, एकत्रित क्षमता चार मेगावॉट. महाराष्ट्रात राज्य रस्ते विकास महामंडळाने (एमएसआरडीसी) समृद्धी महामार्गालगतच्या मोकळ्या जागांवर २०४ मेगावॉट सौरऊर्जेचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि कारंजा लाड, मेहकर इथल्या इंटरचेंजजवळून सुरुवात केली आहे. इंटरचेंजच्या वळणांमध्ये एकरोएकर जमीन अडकून पडलेली असते, तिचा दुसरा उपयोग फारसा नसतो. तिथे पॅनल जमिनीवर असतात, कुंपणात असतात, एकाच ठिकाणी धुता येतात. वीज दिवसा जाळ्यात जाते, रात्री दिवे जाळ्यातून चालतात, प्रत्येक खांबावर बॅटरी लागत नाही. महाराष्ट्रात एक किलोवॉट पॅनल दिवसाला सरासरी चार युनिटे देते. एका दिव्यासाठी लागणारे पॅनल दोन चौरस मीटरमध्ये बसते आणि त्यात फिरणारा एकही भाग नसतो.

सौरऊर्जेची खरी उणीव पावसाळ्यात दिसते, आणि छोट्या पवनचक्कीची खरी जागाही तिथेच आहे. जून ते ऑगस्टमध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. नेमक्या त्याच महिन्यांत नैर्ऋत्येचा वारा रात्रंदिवस वाहतो. महाराष्ट्रातल्या पवनचक्क्यांची बहुतांश वीज या काळातच तयार होते. आंबोली, वरंधा, आंबा अशा घाटांत तारेची वीज वादळात पहिल्यांदा जाते आणि धुके सर्वांत दाट तेव्हाच असते. अशा जागी शंभर वॉटचा दिवा चालवायचा हट्ट सोडून पाच-दहा वॉटची कामे पाहावीत. वळणावरचा लुकलुकणारा इशारा दिवा, पर्जन्यमापक, दरड सरकल्याची खबर देणारा संवेदक, दृश्यमानता मोजणारे यंत्र, मदतीसाठीचा दूरध्वनी. ब्रिटनमध्ये रस्त्यांवरच्या इशारा फलकांना बोटींवर वापरतात तशी छोटी चक्की आणि एक पॅनल जोडण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे, आणि ती चालते, कारण फलकाची भूक मुळात छोटी असते. परशुराम घाटात दरड आली की मुंबई-गोवा महामार्ग तासन्‌तास अडतो. तिथे वीज गेलेली असतानाही चालू राहणारा एक संवेदक शेकडो झगमगीत खांबांहून जास्त उपयोगी पडेल. अशा प्रयोगांवर सरकारने पैसे खर्च करावेत आणि आपल्या विद्यार्थ्यांनीही आपला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पेडस्टल पंख्यासमोरून उचलून घाटात न्यावा.

दिव्यांच्या बिलाची ज्याला खरी चिंता आहे त्याच्यासाठी मार्ग आणखी सोपा आहे. ‘ईईएसएल’ या ऊर्जाबचतीचे काम करणाऱ्या सरकारी कंपनीच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमातून देशात सव्वा कोटीहून अधिक पथदिवे एलईडीचे झाले, आणि निम्म्याहून जास्त वीज केवळ दिवा बदलल्याने वाचली. पुढची पायरी दिवा मंद करण्याची. मध्यरात्रीनंतर वाहतूक विरळ होणाऱ्या टप्प्यांवर पाच तास शंभर वॉटचा दिवा पन्नास वॉटवर आणला तर रात्रीला पाव युनिट वाचते. वॉरविकच्या चक्क्यांनी दिवसाला सरासरी दिली त्याहून ही बचत जास्त आहे, आणि त्यासाठी दहा मीटर उंचीवर काहीही फिरवावे लागत नाही. अपघातप्रवण जागा, वळणे आणि बसथांबे अर्थातच पूर्ण उजेडात राहायला हवेत.

तरीही एखाद्या नगरपालिकेला किंवा रस्ते महामंडळाला खांबावरच्या चक्क्यांचा प्रस्ताव आला, तर निविदा काढण्याआधी दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. त्याच जागी, त्याच उंचीवर वर्षभर वाऱ्याचा वेग मोजला जावा. आणि विक्रेत्याने ‘इतके वॉट’ असे न सांगता, सेकंदाला चार मीटर सरासरी वाऱ्यात वर्षाला किती युनिटे मिळतील हे लेखी द्यावे, ती न मिळाल्यास पैसे परत करण्याच्या अटीसह. जिथे अशा चक्क्या आधीच लागल्या आहेत तिथल्या मीटरचे महिन्यागणिक आकडे जाहीर व्हावेत. खर्च जनतेचा आहे, तेव्हा हे आकडे मागण्याचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे आणि तो माहितीच्या अधिकारात जरूर बजावावा.